‘उचल्या’ आणि लातूरचा न लिहिलेला इतिहास

मुंबईच्या काळोख्या अंगाविषयी लिहिणाऱ्यांची मराठीत कधी वानवा नव्हती. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध करून त्या शहराकडे चौकस नजरेने पाहण्याचा पायंडा पाडला. त्यानंतर शंभर वर्षांनी भाऊ पाध्ये, नामदेव ढसाळ, दया पवार यांनी त्याच शहराच्या तळघराची दारे उघडली. ‘वासूनाका’, ‘गोलपिठा’, ‘बलुतं’ या पुस्तकांवरून वाद झाले, काही घरांत ती मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. पण ती वाचली गेली. नागपाडा आणि कामाठीपुरा या वस्त्यांत पाऊलही न ठेवलेल्या मराठी वाचकाला त्या पुस्तकांतून ठाऊक झाल्या. मराठवाड्यातील शहरांच्या वाट्याला हे भाग्य, किंवा हे दुर्भाग्य, फारसे आले नाही.

नांदेड म्हटले की बाहेरच्या माणसाला गुरुद्वारा आठवतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी येथे देह ठेवला. लातूर म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आठवतो, शाळा-महाविद्यालयांचा ‘लातूर पॅटर्न’ आठवतो, आणि अलीकडे २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वेगाडी आठवते. लातूरकर स्वतःविषयी सांगतात तेव्हा ते आणखी मागे जातात. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवीत, तेच हे लातूर, असे अभिमानाने सांगितले जाते. संस्थांच्या रौप्यमहोत्सवी आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आमच्या हाती वरचेवर येतात. त्यांत हा क्रम सहसा चुकत नाही: आधी राष्ट्रकूट, मग निजामाची राजवट, मग मुक्तिसंग्राम, मग बाजारपेठ, साखर कारखाने, १९८२ साली झालेला स्वतंत्र जिल्हा आणि शेवटी पॅटर्न. २०११ साली येथे महानगरपालिका झाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार भरली. मुंबईच्या मानाने हे काहीच नसेल. पण भोवतालच्या शेकडो खेड्यांतून बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला आणि शिकवणीला येणाऱ्या माणसाचे महानगर हेच आहे.

स्मरणिकांच्या या क्रमात न बसणारे एक पुस्तक लातूरजवळच्या धनेगावात जन्मलेल्या माणसाने लिहिले, त्यालाही आता बराच काळ लोटला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही अकादमीनेच काढला. विद्यापीठांत ते अभ्यासाला लागले, त्यावर प्रबंध झाले. इतके सारे होऊनही हे पुस्तक जसे वाचले जायला हवे होते तसे वाचले गेले नाही, असे आमचे मत आहे, आणि तेच मांडण्यासाठी हा लेख आहे. ‘उचल्या’ वाचून लोकांना कणव येते. एका चोर ठरवलेल्या जमातीत जन्मलेल्या मुलाने किती सोसले, आणि तरीही तो कसा शिकला, कसा वर आला, अशी त्याची कथा सांगितली जाते. आमच्या ग्रंथालयातून हे पुस्तक नेणाऱ्या एका बाईंनी ते परत करताना डोळे पुसत हेच सांगितले. त्यांच्या अश्रूंचे मोल आम्ही कमी करीत नाही. परंतु हे पुस्तक एका माणसाच्या सोसण्याचे जितके आहे तितकेच ते लातूर या शहराचे चरित्र आहे, आणि हा दुसरा अर्थ आपण वाचक सोयीस्करपणे गाळतो. कारण पहिल्या अर्थात आपण प्रेक्षक असतो. दुसऱ्यात आपण पात्रे होऊन बसतो.

उचल्या म्हणजे उचलेगिरी करणारा. हे नाव त्या जमातीने स्वतःला ठेवलेले नव्हे, ते लोकांनी आणि पोलिसांनी दिलेले. याच लोकांना मुलखापरत्वे भामटा, टकारी, पाथरूट, घंटीचोर अशी निरनिराळी नावे पडली. ‘टकारी’ या नावापाशी क्षणभर थांबायला हवे. जात्याला आणि पाट्याला टाकी लावून देणारा तो टकारी. घरोघरच्या बायकांचे जाते गुळगुळीत झाले की छिन्नी-हातोडा घेऊन दारोदार फिरणारा हा कारागीर ते पुन्हा खरखरीत करून देई आणि त्याबद्दल धान्य नेई. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. दळणाचे कष्ट गेले म्हणून आपल्या आया-आज्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो योग्यच होता. पण जात्याबरोबर टाकी लावणाऱ्याची भाकरीही गेली, याची नोंद कोणी ठेवली? हाताला कसब आहे, पायाखाली जमीन नाही, गावगाड्यात वतन नाही, आणि नावापुढे ‘चोर’ असा शिक्का. अशा माणसाने काय करावे, हा प्रश्न गावाने विचारला नाही. सरकारने मात्र त्याचे उत्तर अगोदरच छापून ठेवले होते.

ते उत्तर म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली तो ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करण्याची तरतूद झाली आणि १९२४ साली त्याला अंतिम रूप आले. निजामाच्या मुलखातही याच धर्तीचे नियम होते. कायद्याचे मर्म असे की गुन्हा हा कृतीने सिद्ध होत नसून जन्मानेच चिकटतो. नोंद झालेल्या जमातीतील प्रौढाने ठाण्यावर किंवा पाटलाकडे ठरावीक वेळी हजेरी द्यावी, गाव सोडताना परवाना घ्यावा, बोटांचे ठसे द्यावेत. ‘उचल्या’त लेखकाचे आजोबा लिंगाप्पा याच हजेरीच्या जाचात जगताना दिसतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. लेखकाचे जन्मवर्षही १९५२ असेच छापले जाते. पुस्तकाच्या अगदी आरंभी मात्र आपल्याला जन्मतारीख नाही, गाव नाही, घर नाही, असे तो बजावून सांगतो. कायदा गेला तरी १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्याचा रोख जमातीवर नसून शिक्षा झालेल्या व्यक्तीवर होता, हे खरे. पण ठाण्यातील जमादाराच्या नजरेत फरक पडायला कायद्यातला शब्द बदलणे पुरे होत नाही, आणि ‘उचल्या’ची अर्धी पाने नेमक्या याच काळातील आहेत.

आता लातूरकडे वळू. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातूरला पोचली, आणि निजाम राज्याच्या या टोकाचा माल इंग्रजी मुलखातील बाजारांशी जोडला गेला. शहराच्या मध्यभागी गंजगोलाई उभी राहिली. देवीचे मंदिर, त्याभोवती वर्तुळाकार बाजार आणि त्या वर्तुळाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. ज्याने ती योजिली त्या नगररचनाकाराचे, फैयाजुद्दीन यांचे, नाव लातूरकर आजही कौतुकाने घेतात. सोळा दिशांनी शेतकरी यावा, त्याने आडत्याकडे माल टाकावा, पट्टी घ्यावी, आणि ते पैसे त्याच गोलाईत कापड, भांडी, सोने यांवर खर्चून घरी जावे, अशी ही रचना. आम्ही मराठवाड्याबाहेरून आलेल्या पाहुण्यांना ती आवर्जून दाखवतो.

‘उचल्या’ हाती घेतल्यावर हीच गोलाई उलट्या बाजूने दिसू लागते. ज्या वाटेने शेतकऱ्याच्या खिशात पैसे येतात त्याच वाटेवर त्या खिशाकडे पाहणारे डोळे असतात. आडत्याची सुगी तीच खिसेकापूची सुगी. जत्रा, आठवड्याचा बाजार, एसटीची गर्दी, रेल्वेचा डबा ही त्याची शेते. यात्रेला जाणारी टोळी शेतकऱ्याने पेरणीला निघावे तशी निघते. लेखक हे सारे कसलाही आडपडदा न ठेवता सांगतो, आणि येथेच त्याच्या लेखणीचे खरे सामर्थ्य आहे. त्याच्या पुस्तकातील चोरी ही विकृती किंवा साहस म्हणून येत नाही. ती एक धंदा म्हणून येते. धंदा म्हटला की शिक्षण आले, टोळीची शिस्त आली, वाटणीचे नियम आले, परक्याला कळू नये अशी बोली आली. लहान मुलाला चोरी शिकवताना आधी मार खायला शिकवतात. पोलिसांनी कितीही झोडपले तरी साथीदाराचे नाव ओठांवर येता कामा नये. आम्ही सेमिनरीत दीर्घकाळ शिस्तीचे धडे गिरवले आणि त्या कडकपणाची तक्रारही अधूनमधून केली. पण ज्या शाळेत पहिला धडा वेदना पचवण्याचा आणि तो देणारे गुरू घरचेच, तिच्यापुढे आमची शाळा म्हणजे आजोळच म्हणायची.

मुद्दा असा की हा धंदा एकट्या उचल्याचा नाही. कोणताही धंदा दोन हातांवर चालत नाही. चोरीच्या कमाईत पोलिसांचा वाटा असतो, हे पुस्तकात पुन्हा पुन्हा येते; हप्ता पोचला तर टोळी निर्धास्त, न पोचला तर झडती, मारहाण, आणि घरातल्या बायकांची विटंबना. हिशेब पुढे वाचकानेच चालवायचा आहे. चोरलेले सोने उचल्याच्या घरी राहत नाही. ते कोणीतरी विकत घेतो, आणि बाजारभावाहून कमी दराने घेतो. पकडलेल्याला सोडवायला वकील लागतो, जामीन लागतो, कर्जाऊ रक्कम लागते. ती देणारा व्याज घेतो. गुन्ह्याचा छडा लागत नसेल तेव्हा वरिष्ठांना दाखवायला एखादा आरोपी लागतो, आणि तो कोठे मिळतो हे ठरलेले असते. म्हणजे ज्या वस्तीला शहराने वेशीबाहेर टाकले तिच्यावर शहरातील कितीतरी प्रतिष्ठित घरांच्या चुली पेटत होत्या. नोंद मात्र ठाण्यात एकाच टोकाची झाली. ‘उचल्या’ हे शहराचे चरित्र आहे असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

या पुस्तकातील एक प्रसंग वाचकांनी विसरू नये. वडील मार्तंड मुलाला शाळेत घालतात तेव्हा वस्तीतील माणसे खवळतात. मुले आजारी पडू लागली तर ती मार्तंडचा पोर शाळेत गेल्यामुळे, असा त्यांचा ग्रह होतो. हे वाचून सुशिक्षित वाचक हसतो आणि त्यांच्या अज्ञानाची कीव करतो. आम्हाला तसे हसू आले नाही. ज्यांनी आजवर कागद पाहिला तो हजेरीच्या वहीच्या किंवा वॉरंटाच्या रूपात, त्यांना अक्षर म्हणजे रोगराई वाटली तर त्यांचा अनुभव त्यांना खोटे सांगत नव्हता. लेखक या प्रसंगावर भाष्य करीत नाही. तो सांगतो आणि पुढे जातो. असा संयम पुस्तकात सर्वत्र टिकला असता तर किती बरे झाले असते.

तो सर्वत्र टिकलेला नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण समीक्षा म्हणजे केवळ ओवाळणी नव्हे. पूर्वार्धातील भाषा अंगावर येते. घरातील तेलुगूच्या वळणाची बोली, लातूरकडची मराठी आणि धंद्यातील सांकेतिक शब्द यांची तीत सरमिसळ आहे, आणि ती कोठेही सजावट म्हणून आलेली नाही. उत्तरार्धात लेखक लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, कामगारांच्या लढ्यात पडतो, नोकरी गमावतो, पुढे विमुक्त-भटक्यांच्या चळवळीत उतरतो. हा भाग माहितीच्या दृष्टीने मोलाचा आहे. चोरी सोडून घामाची भाकरी मिळवायला निघालेल्या तरुणाला गिरणी हे दुसरे लातूर भेटते, आणि तेथेही हक्क मागणारा माणूस उपद्रवीच ठरतो, हा विरोधाभास विलक्षण आहे. पण येथे कथनाची जागा हळूहळू अहवाल घेतो. मोर्चे, सभा, निवेदने, भेटीगाठी एकामागून एक येत राहतात. पूर्वार्धात ज्या लेखकाला एका भाकरीच्या तुकड्यात सारे घर दाखवता आले, त्याच्या हातून येथे माणसे सुटतात आणि प्रसंगच तेवढे उरतात. ‘उपरा’मध्ये लक्ष्मण माने यांनाही हाच घाट चढताना दम लागला होता. चळवळीत मिळालेली भाषा लढायला उपयोगी पडते. आठवायला ती तितकीशी उपयोगी पडत नाही, असे आम्हाला वाटते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ज्याचा खिसा कापला गेला तो माणूस या पुस्तकात जवळजवळ नाही. गोलाईत पट्टीचे पैसे घेऊन निघालेला कोरडवाहू शेतकरी, लेकीच्या लग्नाचे सोने गाठोड्यात बांधून एसटीत बसलेली बाई, यांचे पुढे काय झाले? चोरी झालेल्या घरात त्या रात्री चूल पेटली का? गरिबाने गरिबाला लुटले, हे या इतिहासातील सर्वांत दुखरे सत्य आहे, आणि लेखक त्याच्या जवळून जातो पण तेथे बसत नाही. त्याला दोष देणे सोपे आहे. पोटात आग असलेल्या पोराला समोरच्या खिशामागचे घर दिसत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण लिहिणारा माणूस त्या पोराहून मोठा झालेला असतो, आणि त्याच्याकडून ही अपेक्षा करणे म्हणजे त्याचा मान राखणेच होय. शहराने उचल्याचा चेहरा पाहिला नाही. उचल्याच्या कथेत शहरातील गरिबाचा चेहरा आला असता तर हे पुस्तक आज आहे त्याहून कितीतरी मोठे झाले असते.

इतिहासाचा विषय निघालाच आहे तर हजेरीच्या वहीकडे पुन्हा जाऊ. ज्या शहराच्या छायेत लिंगाप्पाची हजेरी रोज लागत होती त्या शहराने मोजायला हवी होती अशी दुसरी माणसे मोजलीच नाहीत. ‘उचल्या’तील लातूर सुरू होते त्याच्या चारच वर्षे आधी, सप्टेंबर १९४८ मध्ये, भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात प्रवेश केला आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधीच्या काळात रझाकारांनी मराठवाड्यात जे अत्याचार केले ते विसरण्याजोगे नाहीत, आणि ते कोणी विसरलेलेही नाही. खेड्याखेड्यांत त्यांच्या आठवणी आहेत. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील. निजामाच्या राजवटीविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला तो न्यायाचा लढा होता, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. त्याच स्वामीजींचे नाव धारण करणारे विद्यापीठ आज नांदेडमध्ये आहे, आणि आमच्या धर्मग्रामातील मुलेमुली त्याच्या पदव्या घेतात.

परंतु शरणागतीनंतर काय झाले? केंद्र सरकारच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात हिंडून पाहणी केली. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा की पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, बहुतेक सर्व मुसलमान. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर शहराविषयी अहवाल म्हणतो की तेथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला आढळले, हजारावर मारले गेले होते आणि बाकीचे पळून गेले होते. सरकारला हे निष्कर्ष मान्य झाले नाहीत. अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला, आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीत अभ्यासकांना तो उघडपणे पाहता येऊ लागला. आकड्यांविषयी मतभेद आहेत आणि ते असणारच. पण स्मरणिकांत सतरा सप्टेंबरचा ध्वज फडकतो आणि पुढल्या परिच्छेदात थेट सहकारी चळवळ सुरू होते. मधले वीस दिवस पानाच्या शिवणीत गडप होतात. ज्या हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना, प्रसंगी स्वतःचा जीव गमावून, आसरा दिला त्यांचाही उल्लेख त्या अहवालात आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याचे त्यात नमूद आहे. हे वीस दिवस गाळले की ती चांगली माणसेही गाळली जातात, हे आपल्या ध्यानी येत नाही.

नांदेडची गोष्ट फार वेगळी नाही. १९७८ च्या जुलैअखेर विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात त्यांची तीव्रता मोठी होती. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचे बलिदान त्याच ऑगस्टमधले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, त्याच वर्षी नांदेडचे विद्यापीठही निघाले. दीक्षान्त समारंभाच्या मांडवात बसलेल्या पालकांना हे दोन प्रसंग एकाच वर्षातले आहेत हे सांगितले तर त्यांना नवल वाटते, हा आमचा अनुभव आहे.

या साऱ्याचा ‘उचल्या’शी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध वहीचा आहे. एका वहीत ज्यांचे अस्तित्वच गुन्हा मानले गेले त्यांची नावे रोज लिहिली गेली. दुसरी वही, जिच्यात मारल्या गेलेल्यांची आणि पळून गेलेल्यांची नावे हवी होती, ती या शहरांनी उघडलीच नाही. पहिल्या वहीतल्या एका माणसाच्या नातवाने स्वतः लेखणी हातात घेतली म्हणून ती आपल्याला आतून वाचता आली. दुसऱ्या वहीसाठी असा लेखक लातुरात अद्याप उभा राहिला नाही, निदान मराठीत तरी नाही.

या प्रकरणात आपण ख्रिस्ती लोक अगदीच बाजूला उभे होतो, असेही समजण्याचे कारण नाही. गुन्हेगार जमातींसाठी सरकारने तारेच्या कुंपणाच्या वसाहती काढल्या तेव्हा त्यांपैकी कित्येकांचा कारभार मिशनऱ्यांकडे सोपवला. साल्व्हेशन आर्मीने देशभर अशा वसाहती चालवल्या, आणि आपल्या शेजारच्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने. तेथे शाळा होत्या, दवाखाने होते, गिरणीत कामाची सोय होती. हेतूंविषयी आम्ही शंका घेत नाही. पण कुंपण होते आणि हजेरी होती, आणि प्रार्थनेची घंटा व हजेरीची घंटा एकाच आवारात वाजत होती. ‘सेटलमेंट’ हे नाव सोलापूरच्या त्या भागाला आजही चिकटलेले आहे. ते काम कॅथॉलिक मिशनचे नव्हते, असे म्हणून हात झटकणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. कुंपणाच्या आतल्या माणसाला त्या भेदाचे काय होते? आपल्या मिशनांच्या कार्याचे इतिहास लिहिले जातात तेव्हा त्यांत शाळांची यादी असते, अनाथाश्रमांची असते, दुष्काळातील मदतीची असते. कुंपणाच्या तारेवरही एखादे प्रकरण असावे.

साहित्याच्या दृष्टीने पाहता, ‘उचल्या’च्या यशानंतर विमुक्त-भटक्यांच्या आत्मकथनांची एक लाट आली आणि ती ओसरलीही. प्रकाशकांना आणि वाचकांनाही दुःखाची नवी जात हवी असे; तीच जात पुन्हा आली की ‘हे वाचून झाले आहे’ असे म्हटले जाई. हा अन्याय लेखकांवर झाला तसाच इतिहासावरही झाला. मध्यंतरी २००८ साली बाळकृष्ण रेणके आयोगाने आणि २०१८ साली भिकू इदाते आयोगाने या जमातींविषयी आपले अहवाल केंद्राला सादर केले. अहवालांत शिफारशी असतात. शहराच्या कोणत्या गल्लीत कोणाला घर भाड्याने मिळाले नाही, बाजारात पाकीट हरवले की आधी कोणाच्या पालावर शिपाई गेला, कोणत्या पोराला वर्गात पैसे हरवले की आधी उभे केले, हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी ‘उचल्या’सारखेच पुस्तक लागते. म्हणून ज्या घरांत ते एकदा वाचून ठेवून दिले असेल त्यांनी ते पुन्हा काढावे, आणि या खेपेस लक्ष्मणाकडे न पाहता त्याच्या भोवतालच्या माणसांकडे पाहत वाचावे: फौजदार, पाटील, सराफ, मास्तर, गिरणीचा मुकादम, एसटीतील सहप्रवासी. त्यांपैकी कोणाशी आपले नाते जुळते हे प्रत्येकाला कळेल.

त्या वाचनात आणखी एक गोष्ट जाणवेल. झडतीच्या वेळी मार खाणाऱ्या, पुरुष तुरुंगात असता घर चालवणाऱ्या, स्वतःही चोरीला जाणाऱ्या बायका या पुस्तकात पानोपानी आहेत, पण त्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून येत नाही. ती बाजू ज्यांनी आपापल्या जमातींच्या संदर्भात मांडली त्या लेखिकांपैकी जनाबाई गिऱ्हे यांचे ‘मरणकळा’ १९९२ साली आले. त्याविषयी सवडीने स्वतंत्र लिहू.